पंधरा हॉर्सपॉवर आणि दोन सूत

ट्रॅक्टर घेतला की खर्च संपला, असं ज्याला वाटतं त्याने ट्रॅक्टर घेतलेला नसतो. नुसता ट्रॅक्टर काहीच काम करत नाही. तो चालतो, धूर सोडतो आणि गावातली पोरं जमवतो. नांगरायचं तर नांगर वेगळा, ढेकळं फोडायची तर रोटावेटर वेगळा, चिखलणीला लोखंडी चाकं वेगळी, माती ओढायला पाटा वेगळा. शोरूममधून आपण घरी आणतो ते एक इंजिन आणि त्याच्या पाठीमागचे तीन हात. खाली दोन, वर एक टॉप लिंक. त्या तीन हातांत काय द्यायचं, या विवंचनेत पुढची वर्षं जातात.

आमच्याकडे ही विवंचना अण्णांनी हौसेने पत्करली. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळालं ते त्यांनी वहिनींकडे दिलं आणि व्हर्नियर कॅलिपर मात्र अजून उशाशी ठेवतात. नेरुळच्या घरात दाराची फट, चपातीची जाडी, माझा चष्मा, सगळ्याची मापं घेऊन झाली होती. त्यामुळे रसायनीच्या बाजूच्या आमच्या शेतासाठी पंधरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आला, तेव्हा सर्वांत जास्त सुटका वहिनींची झाली.

छोटाच का, तर शेतही तसंच. थोडं भात, थोडे आंबे आणि उरलेला सगळा उतार. मोठा ट्रॅक्टर आमच्या खाचरात उतरला तर वळायला शेजाऱ्याच्या खाचरात जावं लागेल, आणि तिथून पुढे कोर्टात.

पहिला पेच शेजाऱ्याच्याच औदार्याने पडला. त्याने आपल्या मोठ्या ट्रॅक्टरचा जुना, नऊ फणांचा कल्टिव्हेटर फुकट दिला. फुकटच्या अवजारासाठी जेवढा खर्च येतो तेवढा विकतच्याला येत नाही. आमच्या ट्रॅक्टरच्या खालच्या हातांची पिन २२ मिलिमीटरची, अवजाराचं भोक २८ चं. वरची पिन १९ ची, भोक २५ चं. आणि दोन हातांमधलं अंतर मोठ्याच्या जेमतेम निम्मं. ही मापं जगभर ठरलेली आहेत. ट्रॅक्टरांच्या चक्क जाती आहेत आणि त्या जातींत अवजारांचे विवाह जमत नाहीत.

अण्णांनी तीन कोनांतून ड्रॉइंग काढलं. सहा मिलिमीटरचा फरक, म्हणजे चहूबाजूंनी तीन मिलिमीटर जाडीचा बुश, भोकांचे कान कापून आत सरकवायचे, नऊ फण पाचावर आणायचे. कागद लॅमिनेट करून तो त्यांनी गावच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीपुढे ठेवला. मिस्त्रीने कागदाकडे आदराने पाहिलं, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "ट्रॅक्टर आणा इकडं."

या दोघांचं जमणं अवघड होतं. अण्णा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतात. मिस्त्रीची मापं इंच, सूत आणि बोट. इंचाला आठ सूत, आणि बोट कुणाचं त्यावर. अण्णांनी विचारलं, "टॉलरन्स किती धरणार?" मिस्त्री म्हणाला, "तुमच्याशी बराच धरलाय."

माल आणायला अण्णा मला घेऊन कळंबोलीला गेले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना मुंबईचे घाऊक बाजार खाडीपलीकडे आणले. कांदे-बटाटे तुर्भ्याला आले आणि लोखंड कळंबोलीला. तुर्भ्याला किलोभर कांदे मागणाऱ्याकडे जसं बघतात, तसं कळंबोलीत आमच्याकडे बघितलं गेलं. "चार फूट अँगल हवाय," अण्णा म्हणाले. "किती टन?" समोरून प्रश्न आला. अँगल सहा-सहा मीटरच्या लांबीत येतो आणि वजनावर विकला जातो, हे अण्णांना अर्थातच ठाऊक होतं. त्यांचा विश्वास होता तो माणसाच्या चांगुलपणावर. "गाडी कुठं लावलीय?" पुढचा प्रश्न. अण्णांनी बाहेर उभी केलेली स्कूटर दाखवली. त्यानंतर त्या माणसाने आम्हाला जो चहा पाजला, तो धंद्यापोटी नव्हता, निव्वळ करुणेपोटी होता.

मिस्त्री मात्र कळंबोलीला गेला आणि ट्रकच्या गॅरेजांमधून तुटलेले कमानपाटे भंगाराच्या भावात घेऊन आला. फणाला यासारखं पोलाद नाही, चिवट आणि झिजेला भारी. पण हे पोलाद साध्या लोखंडासारखं वेल्ड करून गार वाऱ्यावर ठेवलं तर सांध्याशेजारी तडकतं. अण्णा हेच समजावून सांगायच्या तयारीत होते, कार्बनच्या टक्केवारीसकट. तोवर मिस्त्रीने पाटा भट्टीत तापवून घेतला होता, जोड मारला होता आणि गरम तुकडा चुलीच्या राखेत पुरून टाकला होता. "उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई." धातूला सावकाश थंड करण्यासाठी टूलरूममध्ये लाखोंची भट्टी असते, आणि इथे राख. अण्णा बराच वेळ त्या राखेजवळ बसून राहिले. त्या दिवसापासून ते मिस्त्रीला 'अहो' म्हणू लागले.

ड्रॉइंगचा हट्ट मात्र सुटला नाही. कागदाचं महत्त्व पटावं म्हणून त्यांनी एकदा हॅरी फर्ग्युसनची गोष्ट सांगितली. हे तीन हात त्या आयरिश माणसाच्या डोक्यातून निघाले. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जायचा आणि दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरचाच भाग करून टाकलं. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी धंद्याचा करार केला तो नुसता हात मिळवून. पुढे फोर्डच्या नातवाने तो मोडला, खटला उभा राहिला आणि १९५२ साली फोर्ड कंपनीला साडेब्याण्णव लाख डॉलर मोजावे लागले.

"म्हणजे कागद न करता एवढे मिळाले?" मिस्त्री.

"पेटंटचा कागद होता ना!" अण्णा ओरडले. पण गोष्ट हातची गेली होती.

खरा गोंधळ डोजरने घातला. उतारावरची माती सारखी करायला ट्रॅक्टरच्या पुढे फावडं हवं, अशी कल्पना निघाली. फावडं झालं. ते मातीने भरून उचललं की मागची चाकं हलकी होऊन जागीच फिरू लागली. म्हणून मागे वजन हवं. म्हणून मागच्या तीन हातांत अडकवायला लोखंडी पेटी झाली आणि तिच्यात दगड भरले. मग फावडं काढून ठेवलं, की दगडांच्या पेटीने पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग कुणाचंच ऐकेना. म्हणून पुढे वजनं. हिशेब करता करता असं दिसलं की आमचा ट्रॅक्टर आता मुख्यतः स्वतःच्याच अवजारांचं वजन वाहतोय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. आमच्या आत्यांचा आक्षेप त्याच परंपरेतला, फक्त अधिक व्यवहारी. "जमिनीचं राहू दे," त्या म्हणाल्या, "घर नासलं." त्यांचं चुकत नव्हतं. नेरुळच्या गॅलरीत तुळशीच्या दोन्ही बाजूंना पाटे होते आणि सोसायटीच्या फलकावर 'वाहनतळात शेतीची अवजारे ठेवू नयेत' अशी सूचना लागली होती. साठ-सत्तर सभासदांमध्ये ती लागू होणारे आम्हीच.

अण्णा बधले नाहीत. त्यांनी भिंतीवर एक फोटो लावला आहे. एव्हरेस्टवाला हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसनच्याच शेतीच्या ट्रॅक्टरवरून. चाकांवर पट्टे चढवलेले, वर कापडाचा आडोसा. कुणी काही बोललं की अण्णा फोटोकडे बोट दाखवतात. आमचा ट्रॅक्टर पावसात वरच्या खाचरापर्यंत चढत नाही, हे तेव्हा कुणी काढत नाही.

एका बाबतीत मात्र अण्णांचा शब्द शेवटचा असतो. पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजार फिरवणारा, शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याने लुंगीचं टोक किंवा खांद्यावरचा टॉवेल पकडला, तर माणसाला ओरडायलाही सवड देत नाही. त्यावर पत्र्याचं झाकण बसवल्याशिवाय त्यांनी किल्ली दिली नाही, आणि शेतावर टॉवेल आजही बंद आहे. मिस्त्रीने यावर वाद घातला नाही. त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं आहेत.

एवढ्या खटाटोपातून गावाला आवडली ती दगडांची पेटी. वहिनींनी दगड काढून तिच्यातून आंबे नेले. आत्यांनी शेणखत नेलं. शेजाऱ्याने नारळ नेले आणि परत करताना विचारलं, "अशी एक आमच्यालाही करून मिळेल का?" मिस्त्रीकडे मागण्या येऊ लागल्या. त्याने पेट्या केल्या, निळा रंग दिला, विकल्या.

अण्णा कॅलिपर घेऊन तपासायला गेले. एकही पेटी दुसरीसारखी नव्हती. एक दोन सूत रुंद, एक तीन सूत आखूड, तिसरीचे कान भलत्याच उंचीवर. आणि ज्याची त्याची पेटी ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरला पहिल्या झटक्यात बसलेली, पिन बोटाने सरकवावी अशी. अण्णांनी पुन्हा एकदा सगळ्या पिना काढून घालून पाहिल्या.

"अहो मिस्त्री, या पेट्यांचं ड्रॉइंग कुठाय?"

मिस्त्रीने काच डोळ्यांवर ओढली आणि वेल्डिंगच्या दांड्याने बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरकडे दाखवलं.

"ते काय. डिझेल टाकून आलंय."