कटिंग आठशे, शेंडी मोफत

सलूनमधला सगळ्यात खोटा क्षण शेवटी येतो. कारागीर मागे गोल आरसा धरतो, मान डावीकडे-उजवीकडे वळवायला लावतो आणि विचारतो, "ठीक आहे ना, मॅडम?" आरशात जी कुणी बसलेली असते तिला मॅडमनी आजवर पाहिलेलं नसतं. तरीही मॅडम म्हणतात, "हो, छान झालंय." काउंटरवर पैसे देतात, वर टिप ठेवतात आणि रिक्षात बसल्याबरोबर ओढणी डोक्यावरून घेतात. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी पाच मिनिटं हुज्जत घालणारी, रिक्षाच्या मीटरवर करडी नजर ठेवणारी ही बाई इथेच गप्प का बसते? कारण सोपं आहे. समोरच्याच्या हातात अजून कात्री असते.

गप्प न बसणारी एक बाई दिल्लीत निघाली. १२ एप्रिल २०१८ रोजी ती एका पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनमध्ये गेली. नेहमीची केशकर्तनकार त्या दिवशी नव्हती, म्हणून दुसरी दिली गेली. लांब केस हाच बाईंचा व्यवसाय होता, कारण केसांच्या उत्पादनांसाठी त्या मॉडेलिंग करत. खालून चार इंच कापा, असं त्यांनी सांगितल्याचं तक्रारीत म्हटलं आहे. कापणारीने वरून चार इंच ठेवले. मान खाली घालून बसायला सांगितलेलं, चष्मा काढून ठेवलेला, त्यामुळे काय उरलं ते मान वर केल्यावरच कळलं. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने दोन कोटी रुपये भरपाई सुनावली. बायका केसांना जपतात, त्यांवर खर्च करतात आणि त्यांचं मन त्यांत गुंतलेलं असतं, अशी नोंदही निकालात केली. हे देशातल्या कुठल्याही आजीने फी न घेता सांगितलं असतं, पण आजीच्या मताला निकालाचा दर्जा नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुकसान झालं असेल तर त्याचा पुरावा हवा, अंदाजपंचे दोन कोटी देता येणार नाहीत. आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. एप्रिलमध्ये आयोगाने पुन्हा दोन कोटीच सांगितले. हॉटेल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. माणसाचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. २०१८ ते २०२३ एवढ्या काळात तो अडीच फुटांच्या आसपास जातो. म्हणजे न्याय मिळवण्यापेक्षा केस वाढवणं स्वस्त आणि जलद, हा हिशेब सलूनवाल्यांनाही पक्का ठाऊक असणार.

दोन कोटी जास्त झाले, हे मान्य. मग किती? वाईट कटिंगची किंमत सलून शून्य धरतं आणि आयोगाने दोन कोटी धरली. या दोन आकड्यांच्या मध्ये देशातल्या तमाम बिघडलेल्या झुलपांची किंमत कुठेतरी पडलेली आहे, आणि ती सांगायला कुणी तयार नाही.

सांगायचा आकडा एकच असतो, तो दरपत्रकावर. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सलूनमध्ये 'हेअरकट आठशे रुपयांपासून' असं लिहिलेलं असतं. त्या आठशेत कोण कापणार? नवा मुलगा. सीनियर स्टायलिस्ट हवा तर बाराशे, आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर नावाचा गृहस्थ हवा तर दोन हजार; कात्री तिघांची तीच. केस धुणं वेगळं. धुतल्यावर वाळवणं वेगळं, जणू ओल्या केसांनी रस्त्यावर जाण्याचा पर्याय खुला आहे. केस खांद्याखाली असतील तर लांबीचे जादा पैसे. पण कापून खांद्यावर आणले म्हणून त्यातले काही परत मिळाल्याचं ऐकिवात नाही. बॉयकट ठेवणाऱ्या बाईने 'लेडीज हेअरकट'चे पैसे भरायचे, आणि शेजारच्या खुर्चीत पाठीपर्यंत केस वाढवलेला गिटारवाला 'जेन्ट्स'च्या दरात उठायचा.

कॅलिफोर्नियात १९९५ च्या कायद्याने याला बंदी आहे. सेवा तीच असेल तर बाई की बुवा हे बघून वेगळा दर लावता येत नाही. वेळ जास्त लागतो, काम अवघड आहे, अशा कारणाने लावता येतो. शिवाय केशकर्तनालयाने नेहमीच्या कामांचे दर ग्राहकाला दिसतील असे लावायचे असतात.

खुर्चीत बसल्यावर दुसरा अंक सुरू होतो. कारागीर एक बट दोन बोटांत धरतो, नाडी बघणाऱ्या वैद्याचा चेहरा करतो आणि म्हणतो, "खूप ड्राय झालेत. शेवटचे कुठे कापले होते?" खरं उत्तर 'इथेच, तीन महिन्यांपूर्वी, तुम्हीच' असं असलं तरी बाई ते देत नाही. तिला अपराधी वाटायला लागतं आणि अपराधी माणूस पैसे चटकन सोडतो. स्पा होतो, सीरम होतं, घरी न्यायला बाटली होते. 'दहा हजार भरा, तेरा हजारांची सेवा मिळवा' ही योजना होते. वर्षभराने तिथे मोमोजचं दुकान निघतं आणि उरलेले सात हजार कुणाकडे मागायचे ते मोमोजवाल्याला माहीत नसतं.

दुभंगलेली टोकं 'दुरुस्त' करून देण्याचं वचनही याच दुसऱ्या अंकात दिलं जातं. डोक्यातून बाहेर आलेला केस मृत असतो. फाटलेलं टोक तेलाने किंवा मलमाने काही काळ चिकटून राहील, जुळून येणार नाही. त्यावर इलाज एकच, कापणं. त्याचे पैसे आठशेत आधीच भरलेले असतात.

केस गुळगुळीत सरळ करून देणाऱ्या उपचाराचा विषय मात्र थट्टेचा नाही. अशा अनेक मिश्रणांतून गरम इस्त्री फिरवल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ पासून माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये एका प्रसिद्ध ब्राझिलियन उपचाराच्या कंपनीला ताकीद दिली. बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' असं छापलेलं होतं आणि तपासणीत फॉर्माल्डिहाइड निघालं ८.७ ते १०.४ टक्के. मग बाजाराने ग्लायऑक्झिलिक आम्ल पुढे केलं. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापली. तीन वर्षांत तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. बाटलीत काय आहे, असं आपल्याकडे विचारलं तर उत्तर येतं, "मॅडम, ऑरगॅनिक आहे."

डायचं प्रकरण आणखी मजेदार. काळ्या डायमध्ये बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन असतं आणि काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी येते. म्हणून अशा डायच्या वेष्टनावर 'आधी त्वचेवर चाचणी घ्या' ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापण्याची सक्ती भारतातल्या नियमांत आहे. चाचणी घ्यायची ती ४८ तास आधी. सलूनमध्ये मात्र डाय प्लॅस्टिकच्या वाटीत कालवून येतो. वेष्टन आतल्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात, त्याच्यावरची मराठी सूचनाही तिथेच. सूचना छापली, कायदा पाळला गेला, वाचायला हवी होती ती बाई तेवढी बाहेर बसली होती.

बेसिनवर मान मागे टाकून केस धुण्याचेही काही नियम असावेत. १९९३ मध्ये मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' असं नाव देऊन अशा बायकांची नोंद केली, ज्यांना बेसिनवर मान ताणली गेल्यानंतर पक्षाघाताची लक्षणं दिसली. हे क्वचित घडतं. तरी मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवायला काय लागतं? एक टॉवेल.

कोपऱ्यावरच्या साठ-सत्तर रुपयांच्या दुकानाला लगेच आरतीचं ताट दाखवायचं कारण नाही. तिथे कुठलीही कटिंग सांगा, ती शेवटी एकच होते. टीव्हीवर क्रिकेट असेल तर कल्लेही वरखाली होतात. न विचारता डोक्यावर चंपी सुरू होते आणि तिचे पैसे द्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाला दारातून बाहेर पडेपर्यंत कळत नाही. पण तिथला एक रिवाज चांगला आहे. दाढीला बसलेल्या माणसासमोर कारागीर नवं पातं कागदातून काढतो, मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात घालतो आणि मगच तुरटी शोधतो. एकाचं पातं दुसऱ्याला लावलं तर रक्तातून काविळीचे विषाणू जाऊ शकतात, हे त्याने कुठल्या कार्यशाळेत ऐकलेलं असो वा नसो. गिऱ्हाइकाला दाखवून करायचं, हे त्याला ठाऊक आहे. आठशेच्या दुकानात कंगवा आधी कुणाच्या डोक्यातून आला, ते विचारणं असभ्य समजतात.

पैशाच्या बदल्यात काय मिळणार हे आधी ठरलेलं असावं, ही मागणी काही नवी नाही. बलुतेदारीत न्हाव्याला खळ्यावर धान्य मिळायचं आणि त्या बदल्यात घरादाराची हजामत, नखं, पाहुण्याचं अंग रगडणं, लग्नाकार्यातली कामं, सगळं आलं. जादा आकार नव्हता. अर्थात तो व्यवहार जातीच्या दावणीचा होता, नको म्हणण्याची सोय त्या माणसाला नव्हती, आणि त्याचे गोडवे गावेत असं त्यात काही नाही.

नको म्हणण्याची हिंमत त्याच समाजाने पुढे दाखवली. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी चालून आलेलं काम आणि त्याचे पैसे नाकारले. आजच्या झगमगाटातल्या स्टायलिस्टकडून एवढी थोर अपेक्षा नाही. तीनदा ब्लीच होऊन काथ्या झालेल्या केसांवर चौथ्यांदा रंग मागणाऱ्या मुलीला त्याने "आज नको" म्हटलं तरी पुष्कळ. पण त्याचा पगार त्या दिवशीच्या गल्ल्याच्या टार्गेटला बांधलेला असतो, म्हणून तो "मस्त दिसेल" म्हणतो. हा दोष त्याचा कमी आणि टार्गेट लावणाऱ्याचा जास्त. दिवसभर उभं राहून पाय सुजतात ते त्याचे, मालकाचे नव्हेत.

निकाल आधी सांगणारं सलून बघायचं असेल तर तिरुमलाला जावं. तिथल्या कल्याणकट्ट्यावर मुंडण फुकट होतं, नंतर कसं दिसणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते, आणि मंत्र्याचं व मजुराचं डोकं सारखंच निघतं. गेल्या काही वर्षांत देवस्थानच्या अंदाजपत्रकात केसांच्या विक्रीचं उत्पन्न वर्षाला शंभर कोटींच्या वर धरलेलं असतं. महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो माणसं तिथे केस देऊन येतात, आणि 'मला थोडे लांब हवे होते' अशी तक्रार घेऊन कुणी परतत नाही.

आठशे रुपयांत मग काय असावं? कात्री उचलण्यापूर्वी पाच मिनिटं ऐकून घेणं, आणि किती कापणार ते केसावर बोट ठेवून दाखवणं. धुणं आणि वाळवणं धरून होणारी शेवटची रक्कम खुर्चीत बसण्याआधी सांगणं. स्वच्छ टॉवेल. डाय असेल तर दोन दिवस आधी चाचणीला बोलावणं, मग त्या दिवशीचा गल्ला बुडाला तरी बेहत्तर. आणि एक बाजू वर, एक खाली निघाली तर आठवडाभरात फुकट सारखी करून देणं. तीही ज्याने बिघडवली त्याच्याकडून नव्हे.

कर या यादीतून वगळावा, कारण तो उतरला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट सलूनला आता मिळत नाही, हेही खरं. या गणितानंतर दरपत्रकावरचा आकडा कुठे खाली आला असेल, तर त्या दुकानाचा पत्ता जरूर कळवावा.

तक्रारीची सोय कायद्याने केलेली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाता येतं, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आणि आधी फोन करून बघायचा तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुराव्यासाठी बिल जपून ठेवायचं. त्यावर 'सर्व्हिस : १' एवढंच छापलेलं असतं. आधीचा आणि नंतरचा फोटोही लागतो, आणि त्याची मात्र अडचण नाही. नंतरचा फोटो सलूनच्या मुलीने स्वतःच काढलेला असतो, हसायला सांगून, इन्स्टाग्रामवर टाकण्यासाठी. आणि त्यात बाई हसलेली असते.