डाळिंबी की विटकरी?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरवाल्या मालकांनी पुतण्याने लॅपटॉपवर काढलेलं डिझाइन पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवलं. पसंती आली, माल गेला आणि पाठोपाठ फोन: "आम्ही विटकरी पसंत केला होता, तुम्ही डाळिंबी पाठवलात!" ज्या जिल्ह्यात सांगोल्याची डाळिंबं पिकतात, तिथल्या माणसाला डाळिंबी रंग पुण्याहून शिकवला जात होता.

मालकांनी रंगाऱ्याला बोलावलं. रंगारी सूत दारात नेऊन उन्हात पाहतो, तसा त्याने लॅपटॉपही दारात नेला. "ह्यात तर मीच दिसतोय की ओ मालक!" मग आत येऊन त्याने झाकण मागेपुढे केलं. वरून पाहिलं तर रंग विटलेला, खालून पाहिलं तर काळ्याचं पांढरं. सोलापुरी चादरीच्या उलट्या बाजूलाही नक्षीचे रंग अदलाबदल होतात, पण त्यासाठी चादर उलटावी तरी लागते. लॅपटॉपच्या स्वस्तातल्या 'टीएन' जातीच्या पडद्याला मान कलती केली तरी पुरतं.

"काका, पण ह्यात 1 कोटी 67 लाख रंग आहेत," पुतण्याने बाजू मांडली.

हा आकडा असा. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. 8 बिटच्या पडद्यात प्रत्येकाच्या 256 पायऱ्या. तिघांचा गुणाकार 1,67,77,216. स्वस्त पडदा पुष्कळदा 6 बिटचा असतो. त्याच्या पायऱ्या 64, एकूण रंग 2,62,144. बाकीचे दीड कोटीहून अधिक रंग हातचलाखीचे: जवळच्या दोन छटा इतक्या झपाट्याने आलटून पालटून दाखवायच्या की डोळ्याला मधली दिसावी. 2007 साली कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी ह्याच मुद्द्यावर ॲपलला कोर्टात खेचलं होतं. पुढे तडजोड झाली.

मालकांना त्यात गुन्हा दिसेना. तांबडा आणि पिवळा धागा शेजारी विणून लांबून नारिंगी भासवायचा, हा तर घरचा धंदा. शिवाय बिट तरी कुठे नवा? मागावर नक्षी उठवणारं जेकार्ड 1804 सालचं. त्याच्या पुठ्ठ्यावर भोक असतं किंवा नसतं, धागा उचलला जातो किंवा नाही. झाला एक बिट! तेवढ्यावर सोलापूरने चादरीवर मोर नाचवले.

डाळिंबीचं भांडण मात्र बिटांचं नव्हतंच. पायऱ्या किती हा एक हिशोब, जिना किती उंच, म्हणजे पडद्याच्या रंगांचा आवाका केवढा, हा दुसरा. पुतण्याच्या आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या, दोन्ही लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात '45 टक्के एनटीएससी' लिहिलेलं. म्हणजे एसआरजीबी ह्या नेहमीच्या मापाच्या जेमतेम 60-65 टक्के. असा पडदा लाल रंगातच मार खातो, त्याचा लाल नारिंगीकडे झुकतो. पुण्यात डाळिंबाची वीट झाली ती अशी. सोलापुरातही झालीच होती, पण इथे पडद्याकडे पाहिलंय कुणी? शेडकार्डावरचा नंबर वाचून सूत रंगलं.

रंगाचं काम करायचं असेल तर दुकानात 'आयपीएस' (मान कलती केली तरी रंग न पालटणारा पडदा) आणि '100 टक्के एसआरजीबी' एवढं विचारावं, रॅमचं कौतुक नंतर.

मालकांनी नवा लॅपटॉप घेतला नाही. ते आता डिझाइनसोबत रंगवलेल्या सुताचा बोटभर तुकडा कुरिअरने धाडतात. परवा पुण्याहून त्याची पोच आली: "सुताचा फोटो जोडला आहे. रंग हाच ना?"