सही घ्यायला घरी येऊ नका

माननीय अध्यक्षसाहेब,
शाळा व्यवस्थापन समिती यांस,



बारामतीकडून निमगाव केतकीत शिरलं की आधी तुमचा फ्लेक्स दिसतो, मग गाव. बिनविरोध निवड झाल्याचं वाचून ऊर भरून आला. त्यासाठी किती चहा उकळला आणि कोणत्या भावकीला पुढच्या खेपेचा शब्द दिला, ते फ्लेक्सवर मावलं नसेल. कायद्यानं समितीत 75 टक्के पालक लागतात. फ्लेक्सवरच्या निम्म्या शुभेच्छुकांची अजून लग्नं व्हायचीत.

समितीत निम्म्या बायका हव्यात, म्हणून मी आहे. मागच्या बैठकीला मी हजर होते. म्हणजे रजिस्टरात. अंगानं मी पानमळ्यात होते. दिवेलागणीला एक पोरगा वही घेऊन दारात आला, "काकी, इथं सही." कशावर चर्चा झाली, विचारलं. "सविस्तर झाली," म्हणाला. खाली लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर. न विचारता माझं मत सर्वांत धरलं. एवढा विश्वास माझ्यावर माहेरीसुद्धा कुणी टाकला नव्हता.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. तारीख बघून काही जणांना ती थट्टा वाटली असावी. त्याच्या 21 व्या कलमात समितीची कामं दिलीत: शाळेवर देखरेख, विकास आराखडा, अनुदान कुठं गेलं ते बघणं. सत्कार स्वीकारण्याचं कलम मला सापडलं नाही. तुमच्याकडची प्रत वेगळी असेल. खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी मोठ्या माणसानं चाखायची असते. तुम्ही आलात 15 ऑगस्टला, आणि चाखलीत जिलेबी.

आता खरं सांगते. माझी चौथीतली लेक शाळेत पाणी पीत नाही. बाटली नेते तशी भरलेली परत आणते. तहान लागत नाही म्हणायची. एक दिवस खोदून विचारलं. मुलींच्या संडासाची कडी तुटलीय. एक आत गेली की दुसरी बाहेर दोन्ही हातांनी दार ओढून धरते. मैत्रीण गैरहजर असली की हिचा घसा दिवसभर कोरडा. साहेब, कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तुमच्या फ्लेक्सच्या एका कोपऱ्याच्या किमतीत. शाळेच्या खात्यातून पैसे काढायला मुख्याध्यापकांच्या सहीशेजारी तुमचीच सही लागते. सही तुम्हाला छान येते, फ्लेक्सवर पाहिली.

तुम्हाला जमत नाही असंही नाही. तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा पाणी, दिवे, झाडलोट, सगळ्यात तुम्ही पुढं असता. झोपतसुद्धा नाही, मी बघितलंय. आमच्या मळ्यात पान न् पान मोजून बाहेर जातं, एक फाटकं निघालं तरी बाजूला पडतं. या गावाला हिशेब शिकवायची गरज नाही. तो शाळेच्या फाटकातच का अडतो, एवढंच कळत नाही.

शनिवारी बैठक आहे म्हणे. मी मळ्यातून सुट्टी काढलीय. कडी आणि चार स्क्रू पिशवीत घेऊन येतेय. रजिस्टर घरी पाठवू नका. पेचकस तेवढा आणा.

आपली,
रजिस्टरात कायम हजर असलेली एक सदस्य