मुदत कुणाची, ॲप कुणाचं?

मोबाइल ॲपचा नमुना आठ दिवसांत होतो. चार दिवसांतही होतो. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये 2017 पासून कॉलेजची पोरं सलग 36 तास बसून तो करून दाखवताहेत. घाई हा गुन्हा नाही. घाईत केलेला नमुना पक्का माल म्हणून गावोगाव वाटणं, हा गुन्हा आहे.

आणि तो आपल्याकडे नेमाने होतो.

2024 चा जून आठवा. 28 तारखेला, शुक्रवारी, अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. सोमवारी, 1 जुलैपासून अर्ज सुरू. शेवटची तारीख 15 जुलै. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयांपुढे रांगा लागल्या. पुढे अर्ज भरायच्या नारीशक्ती दूत ॲपवर गर्दी लोटली आणि ते अडकत राहिलं. मुदत कधी वाढवली? 2 जुलैला. म्हणजे 15 तारीख पाळणं अशक्य आहे, हे दोन दिवसांत कळलं. आधी एखाद्या अंगणवाडी सेविकेला विचारलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

विचारतो कोण?

मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे घ्या. कल्याण-अहिल्यानगर हमरस्त्यावर, माळशेजच्या अलीकडे. नाणेघाटाचे ट्रेकर इथूनच वर चढतात. नकाशात पाहिलं तर गाव रस्त्याला लागून, मुंबईपासून काही तासांवर. आता रस्ता सोडून डोंगराकडच्या वाड्यांच्या वाटेला लागा. फोनवरच्या कांड्या एकेक करून गळायला लागतात. ॲप मात्र मुंबईतल्या वायफायवर पास झालेलं असतं.

परीक्षा दिली मुंबईत, निकाल लागतो वाडीत.

नमुना करणाऱ्यांची एक सवय असते. सगळं सुरळीत जाणारी एकच वाट ते आखतात. बाईकडे स्वतःचा फोन आहे, नंबर आधारला जोडलेला आहे, रेंज आहे, नाव सगळ्या कागदांवर सारखं आहे, नवरा शेजारी बसला आहे. दाखवायला हे छान. पण अशी बाई किती घरांत सापडेल?

लाडक्या बहिणीची ई-केवायसी पाहा. सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली. बाईच्या आधारवर एक ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. मुदत 18 नोव्हेंबर. आता ज्या बाईला ना नवरा, ना वडील, तिने कुणाचा ओटीपी द्यायचा? या प्रश्नावरची वाट मुदत संपायला आली तेव्हा निघाली आणि तारीख 31 डिसेंबरवर गेली. विधवा ही या राज्यातली दुर्मीळ गोष्ट आहे का? कच्च्या नमुन्यावर पहिल्या दिवशी एका विधवेला बसवलं असतं, तर चूक पहिल्याच दिवशी हाती लागली असती.

आणि नवरा असला तरी तो कुठे असतो? दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. बाई मागे राहिलीच, तर ओटीपी जातो भट्टीवरच्या फोनवर. तो फोन चार्ज असायला हवा, नवऱ्याचे हात मातीतून मोकळे हवेत, आकडे त्याला वाचता यायला हवेत आणि ते सांगायला इकडे तिचा फोन लागायला हवा. एवढं जमेपर्यंत ओटीपीची मिनिटं संपतात. पुन्हा पाठवा. पुन्हा संपतात. शेवटी कारण लिहिलं जातं: लाभार्थीने प्रक्रिया पूर्ण केली नाही.

लाभार्थीने? की प्रक्रियेने?

अंगणवाडीताईंनी याचं उत्तर ऑगस्ट 2021 मध्येच दिलं होतं. पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप हाती आलं ते इंग्रजीत. सरकारने दिलेले फोन त्या ॲपचं ओझं पेलेनात. राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मागणी साधी होती: मराठीत द्या, चालणारा फोन द्या. यासाठी आंदोलन करावं लागतं?

रोजगार हमीच्या मजुरांचीही तीच गत. 1 जानेवारी 2023 पासून कामावरची हजेरी ॲपवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटोसकट. फोटो चढला नाही तर हजेरी बुडाली. हजेरी बुडाली तर मजुरी बुडाली. दिवसभर माती उचलली, याला साक्ष कुणाची? सर्व्हरची!

ई-पीक पाहणीचं दुःख वेगळं, कारण तिथे कल्पना खरोखर चांगली होती. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची. 15 ऑगस्ट 2021 ला ती राज्यभर निघाली. मग सर्व्हर, मग रेंज, मग मुदतवाढ. पुढच्या हंगामात पुन्हा मुदतवाढ. शेवटी गावोगाव सहायक नेमावे लागले. माणूस शेवटी लागणारच होता, तर तो नमुना करताना का नाही बोलावला?

‘वरून तारीख आली होती,’ हे उत्तर ठरलेलं. मान्य. तारखा वरूनच येतात. कधी निवडणुकीकडे बघून, कधी झेंडावंदनाकडे बघून. पण कमी दिवसांत काय गाळायचं, हे तर खाली ठरतं ना? गाळलं काय जातं, तेवढं बघा. नेट नसताना माहिती फोनमध्ये साठवणं, अर्धवट अर्ज जिथे थांबला तिथून पुढे भरता येणं, चूक झाली तर ती मराठीत सांगणं. हे सगळं पुढच्या आवृत्तीत. नेत्यांचे फोटो मात्र पहिल्या आवृत्तीत.

उलटं करा. दहा पडद्यांऐवजी चार करा, पण ते चार वाडीत चालवून दाखवा.

याला पैसा लागत नाही. जेफ हॉकिन्सने पामपायलट हा खिशात मावणारा संगणक बनवण्याआधी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरवला. कुठे अडतं ते लाकडावरच कळलं. वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नीलसनने 2000 मध्ये लिहून ठेवलं की पाच माणसांवर तपासलं तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात. पाच माणसं! एक अंगणवाडी सेविका, एक रोजगार सेवक, एक भात लावणारा शेतकरी, एक विधवा आजी, एक भट्टीवरून परतलेलं कातकरी घर. मुरबाडहून माळशेजकडे निघालेल्या एसटीत बसा. ही पाचही माणसं वाटेत भेटतात.

वैशाखऱ्यावरून चढून गेलं की नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, दानाच्या आकड्यांसकट. तो राजवाड्यात नाही कोरला. माणसं जिथून जात होती, त्या वाटेवर कोरला. कारभाराची ही अक्कल जुनीच आहे. नव्याने शोधायची नाही, फक्त पाळायची आहे.

ॲप करणाऱ्या पोरांवर राग नाही. त्यांनी रात्री जागवल्या, जेवढं सांगितलं तेवढं केलं. राग आहे तो ‘चालतंय ना, मग सोडा’ म्हणून सही करणाऱ्यावर. चालतंय कुठे, कुणाच्या फोनवर, किती रेंजमध्ये, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती सही होताच कामा नये.

म्हणून नियम एकच करा. डोंगराकडच्या एखाद्या वाडीतल्या बाईने, कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या साध्या फोनवर एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून दाखवला, की ॲप तयार झालं असं समजा.

लोकांची मुदत त्या दिवसापासून मोजा. त्याआधीचा प्रत्येक दिवस सरकारच्या खात्यावर.