किडेकाका

कर्जत-खालापूर पट्ट्यात 'सेकंड होम' घेणाऱ्या माणसाची पहिली काही वर्षं ठरलेली असतात. आधी वास्तुशांत, मग गेटवर नातीच्या नावाची पाटी, मग झोपाळा, मग अंगणात शेगडी मांडून कोंबडी भाजण्याचा कार्यक्रम, ज्यात धूर भरपूर आणि कोंबडी कच्ची. दुसऱ्या वर्षी मुलं 'या शनिवारी नाही जमत, बाबा' म्हणतात. तिसऱ्या वर्षी पाहुणे खालापूरच्या टोलनाक्यावरची गर्दी पुढे करतात. चौथ्या वर्षापर्यंत त्या सहा गुंठ्यांत उरतात ते निवृत्त मालक, मालकीणबाई, आठवड्यातून दोनदा येणारा माळी आणि किडे. यांत दिलेली वेळ पाळणारे फक्त किडे. किडेकाका जन्माला येतो तो इथे.

तो मूळचा डोंबिवलीचा, मुलुंडचा किंवा ठाण्याचा. नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर मंत्रालयात. पूर्वायुष्यात कीटकप्रेमाचं एकही लक्षण नाही. उलट पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट सोसायटीत पहिल्यांदा कोणी आणलं, तर यांनीच. तोच माणूस आता बाथरूममध्ये झुरळ दिसलं की आतून हाक मारतो, "अगं, शंभरची लेन्स आण!" काकूंनी सवयीनं चप्पल आणलेली असते. ती परत न्यावी लागते.

काकांना ओळखायचं ते मागून. पेज नदीच्या काठी किंवा पळसदरीच्या वाटेवर गवतातून बर्म्युडाचा तुकडा आणि दोन तळवे दिसले, की पुढच्या टोकाला काका आहेत असं समजावं. सुरुवातीला दूधवाल्यानं घाबरून तोंडावर पाणी मारलं होतं. मुंगीचं तोंड नुकतं कुठे फोकसमध्ये आलं होतं, म्हणून त्या बिचाऱ्याला वर बोलणीही खावी लागली. खालापुरात तर आणखी पंचाईत. पनवेल-कर्जत नव्या रेल्वेमार्गाचं काम निघाल्यापासून तिथे कुणी वाकून जमिनीकडे बघितलं, की लोक सातबारा शोधायला घरात पळतात. बांधावर पालथ्या पडलेल्या काकांजवळ एक गृहस्थ येऊन उकिडवे बसले.

"भाव काय धरलाय?"

"कसला?"

"गुंठ्याचा."

"अहो, मी मुंगळा बघतोय."

"कळलं, कळलं," गृहस्थ आवाज उतरवून म्हणाले. "पार्टीचं नाव सांगायचं नसतं."

काकांकडे सामान फार नसतं. एक कॅमेरा, शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि एक फ्लॅश. फ्लॅशचा उजेड थेट पडला तर भुंग्याची पाठ चकाकते आणि फोटोत पांढरा डाग येतो, म्हणून तो मऊ करावा लागतो. बाजारात त्यासाठी वस्तू मिळतात, पण बँकेतल्या माणसाला बाजार शेवटी आठवतो. काकांनी श्रीखंडाचा दुधी रंगाचा डबा कापला, आत ट्रेसिंग पेपर लावला आणि तो रबरबँडनं कॅमेऱ्यावर चढवला. उजेड उत्तम पडतो. फक्त दोन डबे बिघडले, तिसरा जमला, आणि तिन्हींतलं श्रीखंड डायबिटीस असताना काकांनीच संपवलं. विज्ञानासाठी.

या फोटोग्राफीची खरी मेख वाऱ्यात आहे. किडा जेवढ्यास तेवढा टिपायचा म्हटलं, तर छिद्र बारीक करूनसुद्धा जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. डोळा साधला तर मिशी जाते, मिशी साधली तर डोळा. म्हणून पंचवीस-तीस फोटो काढून संगणकावर एकावर एक रचायचे. तेवढा वेळ गवताची काडी हलता कामा नये, आणि काडी हलू न देण्याचं काम काकूंकडे. भर उन्हात एका हातात काडी आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन उभी असलेली बाई, हा कर्जतच्या फार्महाऊसवरचा नेहमीचा देखावा आहे.

"अहो, भाजी करपली."

"श्वास सोडू नकोस."

छायाचित्रकारांतही चातुर्वर्ण्य असतं. सगळ्यांत वर वाघवाले. मग पक्षीवाले, त्यांच्या लेन्सच्या किमतीत काकांची पायवाट सिमेंटची झाली असती. किडेवाले तळाला. पण माझं मत विचाराल तर या तिघांत सुखी हाच. त्याला परमिट नको, जिप्सी नको, पहाटे तीनला उठवणारा गाइड नको. न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू राहिला तरी सकाळी भिंतीवर पाच-सहा जाती हजर. वाघवाला तीन दिवस फिरून 'पगमार्क दिसले' सांगत परत येतो. किडा दिसलाच नाही म्हणून हात हलवत परतलेला किडेवाला मी तरी पाहिलेला नाही.

काकांच्या घरी जेवायला जाणाऱ्यानं टेबलावरची बैठकव्यवस्था लक्षात ठेवावी. लोणच्याच्या बरणीशेजारी आयझॅक किहिमकरांचं फुलपाखरांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं, त्याला तेलकट हात लावायचा नाही. ताटाभोवती फिरणारी माशी हाकलायची नाही, ती माशी नसण्याची शक्यता असते. आणि कोळ्याला 'किडा' म्हणायचं नाही. किड्याला पाय सहा, कोळ्याला आठ. याच हिशेबानं मृगाचा तांबडा मखमली किडा हाही मुळात किडा नव्हे, तो गोचिडांच्या गोतातला, हे भर पंक्तीत सांगून काकांनी कितीतरी जणांचं बालपण नासवलं आहे.

सर्वांत मोठा तंटा कढीपत्त्याच्या झाडावरून. काकूंनी ते पोह्यांसाठी लावलं. काकांच्या मते ते 'कॉमन मॉर्मन' नावाच्या काळ्या फुलपाखरासाठी लावलं. मादी कोवळ्या पानावर मोहरीएवढं अंडं घालते, त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या शिटेची दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे फिरकत नाहीत. पुढे कात टाकून ती हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबडं दुबेळकं बाहेर काढते आणि कुजक्या लिंबाचा उग्र दर्प सोडते. काका हे पाहुण्यांना मुद्दाम करून दाखवतात, हुंगायला लावतात आणि 'आला ना वास?' असं विचारतात. एकेक अळी कोषात जाण्याआधी फांदीच्या फांदी फस्त करते. काकूंनी फोडणीसाठी डहाळी तोडली, की काका ती उजेडात धरून आधी तपासतात. आता पोह्यांचा कढीपत्ता कर्जतच्या बाजारातून येतो, तोही काका घरी आणल्याबरोबर तपासतात.

गवत कापण्यालाही काकांची हरकत. या बाबतीत त्यांचा वकील फ्रेंच आहे. फाब्र नावाच्या माणसानं १८७९ साली सेरिन्यां गावाबाहेर काट्याकुट्यांनी भरलेली पडीक जागा घेतली, ती तशीच ठेवली आणि तिथे गांधीलमाश्या नि शेणकिडे बघत उरलेलं आयुष्य काढलं. त्यावर ग्रंथाचे दहा खंड लिहिले आणि १९१५ साली, नव्वदी ओलांडून गेला. तात्पर्य, गवत कापू नये. यावर काकू एवढंच म्हणाल्या, "त्याला प्लॉटधारकांच्या असोसिएशनची नोटीस येत नव्हती." मागच्या दाराचंही तेच. कुलपाच्या भोकात कुंभारणीनं चिखलाचं घर बांधलं, आत सुन्न केलेल्या अळ्या भरून तोंड लिंपलं, आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्या दाराला किल्ली लागली नाही. शेजारी या नात्यानं त्या काळात घरावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. ती मी मनापासून पार पाडली असं म्हणवत नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका रोज सकाळी सहाला हजेरी लावतात. इतरांच्या 'शुभ सकाळ'ला गुलाब असतो, यांच्या 'शुभ सकाळ'ला मिश्या. लाल ढेकण्यांचं जोडपं काटेसावरीखाली पाठमोरं चिकटून तासन्‌तास फिरत असतं. पुढचा जाईल तिकडे मागचा उलटा ओढला जातो. तो फोटो काकांनी 'सहजीवन' अशा मथळ्याखाली टाकला. त्या ग्रुपवर लेकीचे सासू-सासरे आहेत. व्याह्यांनी दोन तासांनी नुसते हात जोडले. विहीणबाईंनी ग्रुप सोडला.

काकांचा खरा सण जुलैत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हौशी मंडळींनी २०१२ साली जुलैच्या शेवटी पतंगांचा एक आठवडा पाळायला सुरुवात केली आणि ते लोण आता कर्जतपर्यंत आलं आहे. काका पडवीत पांढरी चादर टांगतात, तिच्यापुढे मोठा दिवा लावतात आणि स्टुलावर बसून राहतात. चांदण्यात पतंग दिव्यावर कमी येतात, म्हणून रात्र अमावास्येच्या आसपासची निवडायची. गावाच्या बाजूनं हे कसं दिसतं ते बघा. बाहेर धो धो पाऊस, अमावास्येची रात्र, शहरातून आलेला माणूस, टांगलेली पांढरी चादर, पुढे दिवा, आणि एक बाई 'आला, आला' म्हणतेय. दहाच्या सुमाराला इरलं पांघरून पोलीस पाटील दारात. २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा त्यांना कलमांसकट पाठ होता.

चहा झाला, खुलासा झाला. पाटलांनी चादरीवर नजर फिरवली. हिरवट पंखांचे, राखी ठिपक्यांचे, सुकल्या पानाचं सोंग घेतलेले कितीतरी पतंग बसले होते. काकांनी एका नाजूक पतंगाकडे बोट दाखवलं. पेंढ्याचा रंग, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका.

"ही मादी बरं का. स्किर्पोफेगा इन्सर्टुलास."

"खोडकिडा," पाटील म्हणाले आणि त्यांनी पायातली चप्पल काढली.

पाटलांच्या खाचरात 'कर्जत-३' उभं होतं. या पतंगाची अळी भाताच्या खोडात शिरते, आतला गाभा मरतो, आणि पुढे लोंबी आलीच तर पांढरी पोकळ येते. हे पाटलांना लॅटिनशिवाय माहीत होतं. "साहेब, हिला मारायला कृषी खातं आम्हाला दिव्याचा सापळा लावायला सांगतं, आणि तुम्ही तिला पाहुणी म्हणून बोलावताय?" काकांनी निसर्गाच्या साखळीबद्दल काहीतरी सुरू केलं, पण साखळीच्या कोणत्या कडीत पाटलांचं भात बसतं ते त्यांना पटकन सांगता येईना. शेवटी तोड निघाली: आधी फोटो, मग चप्पल. काकांनी फोटो काढला आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून पाटील शेतातल्या किडींचे फोटो काकांना पाठवतात. काका लॅटिन नाव कळवतात. पाटील औषधाचं नाव विचारतात. मग काकांना रेंज नसते.

महाराष्ट्रानं २०१५ साली देशात सर्वांत आधी 'राज्य फुलपाखरू' जाहीर केलं, ते नीलवंत, तेवढं काकांच्या हाती लागलेलं नाही. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं ते तळहाताएवढं फुलपाखरू बागेतून रोज जातं, पण सरकारी मान्यता मिळाल्यापासून ते कुठे थांबत नाही. काकांकडे त्याचे निळसर धुराचे बरेच फोटो आहेत.

त्याची भरपाई चतुर करतात. पाऊस सरता सरता पिवळट चतुरांचे थवे अंगणावर घिरट्या घालतात. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं, की हे चतुर ईशान्येच्या वाऱ्याचा आधार घेऊन मालदीववरून समुद्रापार पूर्व आफ्रिकेला जातात. काकांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही खोपोली लोकलची वाट बघत फलाटावर उभे होतो. काकू वर बघून म्हणाल्या, "बघा, निघालेसुद्धा."

आता काकांच्या वतीनं या पट्ट्यातल्या तमाम फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांना एक विनंती. मे संपता संपता काजवे दिसू लागतात, ते पाऊस जोर धरेपर्यंत. नर लुकलुकून खूण करतो, मादी उत्तर देते, त्यावर त्यांचं लग्न ठरतं. तुमच्या कंपाउंडवरचे हॅलोजन रात्रभर जळत राहिले, की कोण कुणाला खूण करतंय तेच त्यांना कळत नाही. तेवढे पंधरा-वीस दिवस दिवे बंद ठेवा. चोराची भीती बाळगू नका. त्या दिवसांत काका रात्रभर कुठल्या ना कुठल्या कुंपणापाशी गवतात पालथे असतात, राखण फुकटात होते. फक्त अंधारात चालताना पायाखाली बघा.