फोनचा कार्पेट एरिया

26 जानेवारीला शाळेच्या मैदानावर दोरी ओढली गेली, झेंड्यात बांधलेली झेंडूची फुलं पाहुण्यांच्या टोपीवर पडली, आणि नेमका तो क्षण टिपायला मी बटण दाबलं तर फोन म्हणाला, स्टोरेज संपलं आहे. आठशे मुलं सावधानमध्ये उभी. मी एकटी मान खाली घालून एक मिसळ, दोन पैठण्या आणि कुणाच्या तरी मुंजीतलं मठ्ठ्याचं पिंप डिलीट करत होते. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं, हात खाली घ्यावा लागला. त्या दिवसाचा माझ्याकडे एकच फोटो आहे. त्यात पाहुणे वाकून टोपी उचलताहेत.

फोन चार वर्षांचा, 64 जीबीचा. घेताना दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, आयुष्यभर पुरेल." कुणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं राहिलं.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे साठवून ठेवण्याचं मला वावडं नाही. पण फोनमध्ये जे साठलं होतं ते पाहून दफ्तरखान्यातल्या माणसानेही राजीनामा दिला असता. शाळेचे चौदा गट. त्यात 'सहावी ब पालक', 'सहावी ब पालक फक्त सूचना', आणि सूचना सोडून बाकी सगळं ज्यावर येतं तो 'सहावी ब पालक नवीन'. गृहपाठाचे फोटो त्यावर येतात. एकदा मी लिहून बसले की व्हॉट्सअ‍ॅप फोटो चेपून पाठवतं, अक्षर लागत नाही. झालं. त्या दिवसापासून उत्साही पालक तेच पान डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, अखंड, एकेक चार एमबीचं. त्यात वडिलांचा अंगठा, कोपऱ्यात आमटीचा डाग, आणि उजेड असा की अफझलखानाची भेट अमावस्येच्या रात्री झाली असावी. चाळीस मुलं, आठवड्याला दोन गृहपाठ. गणिताच्या बाईंनी स्टाफरूममध्ये हिशेब करून दिला, महिन्याला सव्वा जीबी. वर सुप्रभात आहेतच. 2018 साली बातमी आली होती की भारतातले फोन इतके का भरतात हे शोधायला निघालेल्या गूगलच्या लोकांना सकाळचे गुलाबाच्या फुलांचे संदेश सापडले. त्यात आमच्या नणंदबाईंचा वाटा किती, हे त्यांनी जाहीर केलं नाही.

"मग पुसून टाक ना," मुलगी म्हणते. तिला काय जातंय सांगायला. आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब आहे, तीन पायांचं पितळी घंगाळं आहे, एकदा तर तिथे नुसतं झाकण सापडलं, ज्याचं भांडं मी या घरात कधी पाहिलेलं नाही. ते मी टाकलं का? एक दिवस भांडं सापडायचं.

शेवटी मी नवा फोन बघायला गेले. दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. 128 जीबीचा फोन काढून त्याने माझ्या हातात दिला. मी सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं तर त्यात पुष्कळ जीबी आधीच खर्ची पडलेले. "अहो, कोरा आहे ना हा? मग यात राहतंय कोण?"

तर त्यामागे मोठी हुशारी आहे. कंपनी जीबी मोजते ती हजाराच्या पटीत, एक हजार एमबी म्हणजे एक जीबी. संगणकाच्या पोटातला जुना हिशेब 1024 च्या पटीचा. त्या मापाने मोजायला गेलं की 128 चे 119 भरतात. मग फोन चालवणारी यंत्रणा आपली खोली अडवते, कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स, जी काढताच येत नाहीत, ती पोटभाडेकरू म्हणून बसलेली असतात, आणि उरेल ते आपलं. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 128 हा सुपर बिल्टअप झाला. फ्लॅट कार्पेट एरियावर विकायचा असा कायदा रेराने निदान आणला तरी. फोनला रेरा अजून लागू व्हायचाय. मी विचारलं, मेमरी कार्डाची खाच कुठे आहे? मुलाने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी नव्या सोसायटीत तुळशीवृंदावन कुठे बांधू म्हणून विचारलं होतं.

"पण मॅडम, बॅटरी बघा. पाच हजारची आहे."

"एवढी महाग?"

त्याने शांतपणे सांगितलं की ते मिलिअँपिअर अवर असतात. मीही शांतपणे मान डोलावली.

बॅटरीचा विषय माझा हळवा आहे. सदतीस टक्के दाखवणारा माझा फोन हल्ली एकदम डोळे मिटतो. मागच्या महिन्यात एका हॉटेलात मिसळ, जादा पाव आणि ताक झाल्यावर मी पैसे द्यायला फोन पुढे केला आणि तो तिथेच गेला. पर्समध्ये रोख म्हणाल तर नाना तऱ्हेची नाणी, एकूण एकोणीस रुपये. ऐकत आलोय की पैसे नसले तर हॉटेलवाले बशा विसळायला बसवतात. यांनी मला चार्जिंगला बसवलं. गल्ल्याशेजारी, भिंतीतल्या प्लगपाशी, एका स्टुलावर. वीस मिनिटं. तेवढ्या वेळात शाळेचे तीन माजी विद्यार्थी येऊन पाया पडून गेले, आणि तिघांनीही विचारलं, "बाई, हॉटेल काढलंत का?"

आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, हे दुःख ठाऊकच नाही. त्यांचा बटणांचा फोन एकदा लावला की पाच-सहा दिवस चालतो. तो पूर्ण बंद पडेपर्यंत ते चार्जिंगला लावत नाहीत आणि मलाही तेच सांगतात. ती शिस्त जुन्या निकेल कॅडमियम बॅटऱ्यांची. त्या अर्ध्यावर भरल्या तर अर्ध्याचीच सवय लावून घ्यायच्या. लिथियमचं उलट आहे. तिला उपासही सोसत नाही आणि तडस लागेपर्यंत जेवणही. वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवली, उन्हापासून जपली, उशीखाली घालून भरली नाही तर ती बरी नांदते. तरी पाचशे ते हजार वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोन घास कमी खावेत, हे आमची आई सांगायची." मग म्हणाले, "शोधली कुणी ही?" मी सांगितलं, तिघांना 2019 चं नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. अण्णा 84 चे आहेत. त्या दिवसापासून ते माझ्याशी, अजून तेरा वर्षं हातात असलेल्या माणसासारखे बोलतात.

जागा आणि बॅटरी यांवर मी निर्णय घेतलाही असता. मध्येच मुलीने प्रायव्हसी काढली.

या शब्दाला मराठीत मला धड सूर सापडत नाही. 'गोपनीयता' म्हटलं की राजभवनातली शपथ डोळ्यांसमोर येते. 'खासगीपणा' म्हणावं तर तो 'खाजगी' लिहायचा की 'खासगी', यावर स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. वस्तूच घरात नव्हती म्हणून शब्द रुळला नसेल. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. आमच्याकडे पाहुणा आला की चहा ठेवायच्या आत समोरच्या काकूंना त्याचं गाव, पगार आणि पत्रिकेतला मंगळ कळलेला असायचा. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दाद मागणारे पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, तेव्हा 91 वर्षांचे. अण्णांना मी हेही सांगितलं. ते खूश झाले, आणि लगेच गॅलरीत उभं राहून त्यांनी आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे समोरच्यालाही कमी ऐकू येत असणार असं ते धरून चालतात. त्यांच्या मुदतठेवी कोणत्या बँकेत, किती टक्क्यांनी आणि कधी पिकणार, हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनला तोंडपाठ आहे. फोनमध्ये एकही अ‍ॅप नाही आणि तरी एवढी गळती.

मुलगी माझा फोन घेऊन बसली. "आई, या टॉर्चच्या अ‍ॅपला तुझे कॉन्टॅक्ट कशाला हवेत?"

"अंधारात कुणाला तरी हाक मारावी लागली तर?"

ती हसली नाही. 2013 साली अमेरिकेत एका टॉर्चच्या अ‍ॅपवर सरकारी कारवाई झाली होती म्हणे, लोक कुठे आहेत याची माहिती ते गुपचूप जाहिरातवाल्यांना देत होतं. शिवाय फोनमध्ये टॉर्च मुळातच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. मग तिने एकेका अ‍ॅपची झडती घेतली. फोन परवानगी मागतो तेव्हा पर्याय देतो: अ‍ॅप वापरात असताना, फक्त या वेळी, किंवा अजिबात नाही. हे वाड्यात असतं तर काय बहार आली असती! वाटीभर साखर मागायला आलेल्या काकूंना 'फक्त या वेळी'. पण काकू साखर घेऊन जायच्या आणि नजर आमच्या फडताळात ठेवून जायच्या, तशी ही अ‍ॅप्स. पंचांगाला माझा मायक्रोफोन हवा होता. माझ्याकडून त्याला तिथी विचारून घ्यायची होती की काय!

एवढं ऐकल्यावर नवा फोन घ्यायची माझी उमेद गेली. जुन्याचीच बॅटरी बदलावी म्हणून मी तपकीर गल्लीत गेले. एका चिंचोळ्या दुकानात, काउंटरमागे, डोळ्याला भिंग लावून एक पोरगा बसला होता. त्याने वर पाहिलं आणि भिंगासकट उभा राहिला.

"बाई!"

मला नावं आठवत नाहीत, हजेरी आठवते. "चौतीस नंबर."

चौतीस नंबर म्हणजे मागच्या बाकावर बसून कंपासपेटीतल्या सेलवर छोटा बल्ब पेटवणारा मुलगा. पानिपताच्या धड्याला मी तो बल्ब जप्त केला होता. त्याने माझा फोन हातात घेतला, उलटा केला, कड दाबून पाहिली. "बॅटरी फुगायला लागलीय, बाई. ही वापरू नका. आणि लॉक काढून द्या, म्हणजे चेक करता येईल." दुकानात पाच माणसं. मी कानाशी सांगायला पुढे वाकले.

"1674 ना?" तो मोठ्यांदा म्हणाला.

पाचही माणसांनी माना वळवल्या.

"तुम्हीच म्हणायचात बाई, झोपेतून उठवून विचारलं तरी राज्याभिषेकाचं साल सांगता आलं पाहिजे. आमच्या वर्गातल्या निम्म्यांचा पिन हाच आहे."

माझं बँकेचं अ‍ॅपही त्याच सालावर उघडतं, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तशी गरज नव्हती. त्याने गॅलरी उघडली नाही, नुसता आकडा वाचला, "एकोणतीस हजार फोटो आहेत, बाई." आणि मग त्याने मला गृहपाठ दिला. नको ते पुसून या, हवं ते लॅपटॉपवर उतरवून घ्या, पिन बदला, मग मी बॅटरी घालतो. नवा फोन कशाला, अजून दोन वर्षं हसत चालेल. "रविवारपर्यंत करून आणा," तो म्हणाला. वर्गात मी वापरते तोच सूर.

शनिवारी रात्री बसले. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. मीही तेच प्रमाण धरायचं ठरवलं, पस्तीसातले तेवीस फोटो जाणार. पहिल्या पस्तीसात सतरा फोटो माझ्याच पायाचे निघाले, चपलेसकट. ते आनंदाने दिले. मग सहावी ब च्या वह्या लागल्या. एकीने लिहिलं होतं, "शाहिस्तेखानाची बोटे तुटल्यामुळे त्याला पुढे गृहपाठ करता आला नाही." हे कसं पुसायचं? ठेवलं. मग वाटलं, मघाच्या पायांपैकी एकात मागे सिंहगडाची वाट दिसत होती. पुसलेलं महिनाभर कचरापेटीत पडून असतं. महाराजांनीही गेलेले किल्ले पुढे परत घेतलेच की. रात्री एक वाजता माझ्याकडे एकोणतीस हजार चार फोटो होते. वरचे चार कुठून आले ते कळलं नाही; बहुधा नणंदबाईंकडे सकाळ झाली असावी, त्या मेलबर्नला असतात.

रविवारी चौतीस नंबरने विचारलं, "झालं का, बाई?"

"केलं होतं, पण लॅपटॉप घरी राहिला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याने आठवीत किती वेळा म्हटलं असेल, याचा मी मनात हिशेब करत राहिले, म्हणजे नजर चुकवता येते. तो काही बोलला नाही. ड्रायर गरम करून त्याने पाठीचं झाकण सोडवलं, पोट सुटलेली बॅटरी प्लास्टिकच्या पातीने अलगद उचलली आणि नवी बसवली. अठराशे रुपये झाले, त्याने दोनशे कमी घेतले आणि वर म्हणाला, "तो बल्ब मात्र परत द्या कधीतरी."

फोन सुरू झाला. "पिन बदललात ना? टाका आता, मी बघत नाही," असं म्हणून तो शहाण्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी नवा पिन टाकला. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"बाई," भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "1761 असेल तर तोही बदला."

मी काही बोलले नाही. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाल्यावर, शेजारी कुणी नाही हे पाहून, 1818 करून टाकला.