चिकित्सक विचार शिकवा: नव्या प्राध्यापकांसाठी सुलभ मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमच्या कॉलेजने यंदा विद्यार्थ्यांना चिकित्सक विचार शिकवायचे ठरवले आहे आणि विभागात सगळ्यांत धाकटे तुम्हीच असल्याने समन्वयकही तुम्हीच. त्यातून तासिका तत्त्वावर असाल, तर मानधन जमा होईपर्यंत चिंतनाला वेळच वेळ. घाबरू नका. पुढील सूचना पाळल्यात, तर एकाही डोक्याला धक्का न लावता हे काम मार्चअखेर उरकते.

१. धोरणापासून सुरुवात करा. घोकंपट्टी नको, चिकित्सक विचार हवा, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. हे वाक्य विद्यार्थ्यांकडून घोकून घ्या. पाच मार्कांना विचारा.

२. प्रश्नपत्रिकेची पातळी उंचवा. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या. त्या चढायची गरज नाही, क्रियापद बदलले की पुरते. '१८५७ च्या उठावाची कारणे लिहा' यातले 'लिहा' खोडा आणि 'कारणांचे चिकित्सक विश्लेषण करा' असे छापा. प्रश्न पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर! उत्तर मात्र तेच राहू द्या: राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, तात्कालिक. कोणी सातवे कारण शोधून, पुराव्यासकट मांडले, तर मार्क कापताना हात थरथरू देऊ नका. मॉडेल आन्सरमध्ये ते नाही. पोराला वाईट वाटेल, पण रिचेकिंगचे अर्ज मिळतात.

३. कार्यशाळा घ्या. विषय: 'प्रश्न विचारायला शिका'. वेळ साडेदहाची छापा, पाहुणे साडेअकराला येतील. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचे मनोगत. आगरकरांच्या तसबिरीला हार विसरू नका. प्रश्न विचारले म्हणून पुणेकरांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. तसबीर काही विचारत नाही, त्यामुळे हार घालायला सोपी. शेवटी 'वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत' असे जाहीर करून आभारप्रदर्शनाकडे वळा. त्याआधी चार विद्यार्थ्यांना हात वर करायला लावून जिओटॅग फोटो काढा. प्रश्न फोटोत दिसत नाहीत, हात दिसतात.

४. वर्गात 'काही शंका?' असे जरूर विचारा. मात्र बेल झाल्यावर, फळा पुसता पुसता, पाठमोरे राहून. तरीही एखादा उठलाच, तर 'छान प्रश्न! स्टाफरूममध्ये ये' म्हणा. तो आलाच (असे असतात), तर 'हे सिलॅबसमध्ये नाही' म्हणा. सिलॅबस उघडून तुमच्यासमोर धरला, तर मायेने विचारा, 'तुझी ७५ टक्के हजेरी भरते ना रे?' इथे बहुतेक शंका फिटतात.

५. वादविवाद स्पर्धा हवीच. 'मोबाईल: शाप की वरदान' हा विषय अजून पुरेसा दमलेला नाही. फी, रखडलेले निकाल, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा हे विषय वयाला जड आहेत. बक्षीस शेर म्हणणाऱ्याला द्या.

६. कोर्स आउटकम आणि प्रोग्राम आउटकम जोडणाऱ्या सीओ-पीओ मॅपिंगच्या तक्त्यात 'चिकित्सक विचार' या रकान्यात सगळीकडे ३ भरू नका, संशय येतो. मधूनमधून २ पेरा. एखादा १ टाकलात तर प्रामाणिकपणाही सिद्ध होतो.

७. नॅकची समिती येणार असेल, तर आदल्या शनिवारी रंगीत तालीम घ्या. 'इथे आम्हाला स्वतंत्र विचार करायला शिकवतात' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडून एका सुरात आले पाहिजे. तालमीत कोणी 'सर, कधी शिकवलं?' असे विचारले, तर चिडू नका. त्याचे नाव टिपून घ्या आणि समितीच्या दिवशी त्याला एनएसएसच्या श्रमदानाला पाठवा. जाण्यापूर्वी फीडबॅक फॉर्मवर सही मात्र घ्या. बाकीचा फॉर्म आपण भरू.